पोदेरपासून फेरारीपर्यंत : लॅटिनची 'आरिउस' शेपटी ओळखायची कशी

म्हापशाला मावशीकडे सकाळी भोंग्याचा पों पों आवाज आला की घरातलं कोणीतरी पिशवी घेऊन दाराकडे पळायचं, पोदेर आला म्हणून. सायकलच्या मागे ही मोठी बांबूची टोपली, तिच्यावर निळं प्लॅस्टिक, आत गरम पाव, उंडे आणि पोयी. पोदेर, कुणी पदेर म्हणतं, हा शब्द लहानपणापासून कानावर होता पण तो आला कुठून हे कधी मनातही आलं नाही. मग बऱ्याच वर्षांनी मी स्पॅनिश शिकायला लागले, आणि दुसऱ्या की तिसऱ्या धड्यात पाव भाजून विकणाऱ्यासाठी शब्द आला 'पानादेरो', शेजारी सरांनी सहज पोर्तुगीज शब्दही सांगितला, 'पादेइरु', आणि मी वहीत त्याच्या बाजूला 'पोदेर!!' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं.

त्या क्लासमध्ये आम्हाला धंद्यांच्या नावांची एक लांबलचक लिस्ट पाठ करायला दिलेली. सापातेरो, कार्तेरो, कोसिनेरो, रेलोहेरो, एकाखाली एक, नुसती घोका. त्या सगळ्यांच्या शेवटी तेच ते 'एरो' का येतंय हे कोणी सांगितलं नाही, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण ही एक शेपटी कळली असती तर अर्धी लिस्ट पाठ करायची गरजच नव्हती, शिवाय फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज शिकणाऱ्यालाही तीच किल्ली चालते. म्हणून हे लिहितेय, कोणी यातली एखादी भाषा शिकत असेल तर सरळ वही घेऊन बसा.

आधी मूळ बघू. लॅटिनमध्ये 'आरिउस' हा प्रत्यय होता आणि त्याचा अर्थ फक्त एवढाच की 'अमुक गोष्टीशी संबंध असलेला'. मूळचं हे विशेषण, त्यामुळे ते तीनही लिंगांत चालायचं. पुल्लिंगी 'आरिउस' बहुतेक वेळा माणूस, स्त्रीलिंगी 'आरिआ' म्हणजे जागा किंवा धंदा, आणि नपुंसकलिंगी 'आरिउम' म्हणजे ती गोष्ट ठेवायची जागा किंवा भांडं. 'आर्जेंतुम' म्हणजे चांदी, त्यावरून 'आर्जेंतारिउस' म्हणजे पैशाची अदलाबदल करणारा, आपल्याकडच्या सराफासारखा. रोममध्ये या सराफांनी आणि गुराढोरांच्या व्यापाऱ्यांनी मिळून सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या घराण्यासाठी इ.स. २०४ मध्ये उभारलेली एक दगडी कमान आजही आहे, तिला आर्जेंतारींची कमान असंच म्हणतात. 'आर्मा' म्हणजे हत्यारं, ती ठेवायचं ते 'आर्मारिउम', हाच शब्द स्पॅनिशमध्ये आर्मारियो झाला, फ्रेंचमध्ये आर्मवार, आणि पोर्तुगीजांच्या बोलीतल्या 'अल्मारियु'वरून हिंदीत आला अलमारी! आपण मराठीत कपाट म्हणतो ते सोडा, पण अलमारी सगळ्यांनाच कळते ना.

आता ही शेपटी माणूस झाली कशी ते बघा, कारण इथे मराठी माणसाला फार सोपं जातं. लॅटिनमध्ये लोहाराला पूर्ण म्हणायचे 'फाबेर फेर्रारिउस', म्हणजे लोखंडाचा कारागीर. हळूहळू फाबेर गळलं आणि नुसतं फेर्रारिउस उरलं. आपण दूधवाला माणूस, भाजीवाली बाई असं म्हणत नाही, नुसतं दूधवाला आला, भाजीवाली आली म्हणतो, तसंच झालं ते. तर मनात पहिलं भाषांतर 'वाला' असंच करा, नव्वद टक्के वेळा गाडी रुळावर राहते.

पण एक फरक लक्षात ठेवा आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. मराठीत माणसाला आपण 'वाला' लावतो, भांड्याला 'दाणी' लावतो, जागेला 'खाना' लावतो, झाडाला तर काहीच लावत नाही, नुसतं आंब्याचं झाड म्हणतो. लॅटिनच्या या लेकींनी ही सगळी कामं एकाच शेपटीवर टाकलीत. त्यामुळे शेपटी दिसली की 'हा माणूस आहे' असं ठरवून मोकळं व्हायचं नाही, तिच्या पुढे काय आहे ते बघायचं.

पहिलं काम म्हणजे वेगवेगळ्या भाषांत ती कशी दिसते ते डोळ्यांना सवयीचं करून घेणं. यासाठी जानेवारी महिना घ्या, कारण तो सगळीकडे आहे. लॅटिन यानुआरिउस, म्हणजे यानुस देवाचा महिना. बोलता बोलता 'आरिउ'मधला इ एक पाऊल पुढे सरकला आणि 'आइरु' झालं, मग 'एइरु'. पोर्तुगीज तिथेच थांबली, म्हणून तिकडे जनेइरु. स्पॅनिशने तो इ पण टाकला, म्हणून एनेरो. इटालियनमध्ये, म्हणजे तोस्काना भागातल्या बोलीत, र गळला आणि इ राहिला, म्हणून जेन्नायो. फ्रेंचमध्ये जान्व्हिये. कॅटलानमध्ये, म्हणजे स्पेनच्या बार्सेलोनाकडच्या भाषेत, नुसतं जेने, लिहिताना शेवटी र असतो पण बहुतेक लोक बोलताना तो खातात. आपल्या जानेवारी-फेब्रुवारीतला 'आरी' हाच आहे. आणि ब्राझीलचं रिओ दि जानेरो म्हणजे शब्दशः जानेवारीची नदी, १५०२ च्या जानेवारीत पोर्तुगीज खलाशी तिथल्या खाडीत शिरले त्यावरून पडलेलं नाव. हा एक महिना पाचही भाषांत पाठ करा, की एरो, एइरु, आयो, इये आणि एर ही पाच रूपं आयुष्यभर विसरणार नाही.

इटालियनबद्दल एक भर. आयो हे तोस्कानाचं रूप, पण रोमकडे आणि दक्षिणेत लोक र ठेवून 'आरो' म्हणतात, म्हणजे पेट्रोल भरणारा पुस्तकात बेन्झिनायो आणि रोमच्या पंपावर बेन्झिनारो. शिवाय काही शब्द इटालियनने फ्रेंचच्या वाटेने परत घेतले, तिथे 'इयेरे' दिसतं, जसं कामेरियेरे म्हणजे वेटर. फ्रेंचमध्ये पण एक बारीक गोष्ट आहे, श किंवा झ्य आवाजानंतर इयेमधला इ गळून नुसता ए राहतो, म्हणून बेकरीवाला बुलांझे, खाटीक बुशे. सुरुवातीला मला वाटायचं हा वेगळाच प्रत्यय आहे, नाहीये, तोच आहे.

दुसरं काम, शब्द कापणं. लोहारावरच करून बघू. पोर्तुगीज फेरेइरु, रोमानियन फ्येरार, कॅटलान फेरेर. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा फ गळतो म्हणून एर्रेरो. इटालियनच्या प्रादेशिक रूपात फेर्रारो, त्याचं घराण्याचं रूप फेर्रारी. हो, तीच लाल गाडी, एन्झो फेरारी म्हणजे आडनावाने लोहार. चॉकलेटवालं फेरेरोही तेच आणि टेनिसवाला डेव्हिड फेरर पण तेच. पुढचा भाग लोखंड, मागचा भाग वाला, काम झालं.

इथे मात्र एका ठिकाणी थांबायला हवं, कारण मराठी माणसाच्या डोक्यात लगेच येतं की फेरार आणि लोहार, दोन्हीच्या शेवटी आर, म्हणजे नातं असणार. नातं नाहीये. आपले लोहार, कुंभार, सोनार, चांभार हे लोहकार, कुंभकार, सुवर्णकार, चर्मकार यांवरून आले, त्यातला 'कार' म्हणजे करणारा, कृ धातूचा. लॅटिन शेपटीत करण्याचा काही अर्थच नाही, ती फक्त संबंध सांगते. लक्षात ठेवायला साम्य छान आहे, वापरा, पण कोणाला व्युत्पत्ती म्हणून सांगू नका. इंग्रजीतला बेकरमधला 'अर' मात्र याच शेपटीचा निघतो असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात, जर्मानिक भाषांनी तो फार जुन्या काळी लॅटिनकडून उचलला.

तिसरं काम, पुढची वस्तू कोणत्या जातीची आहे ते विचारणं. पुढे हाताळायची, विकायची, बनवायची वस्तू असेल तर बहुतेक माणूस निघतो, सापातो म्हणजे बूट म्हणून सापातेरो चांभार, कार्ता म्हणजे पत्र म्हणून कार्तेरो पोस्टमन. पुढे मीठ, साखर, राख असेल तर भांडं, स्पॅनिश सालेरो मीठदाणी, आसुकारेरो साखरेचं भांडं, सेनिसेरो अ‍ॅशट्रे, फ्रेंचमध्ये चहाची किटली तेयेर आणि साखरेचं भांडं स्युक्रिये. पुढे प्राणी किंवा धान्य असेल तर बऱ्याचदा जागा, गायिनेरो कोंबड्यांचं खुराडं, ओर्मिगेरो मुंग्यांचं वारूळ, ग्रानेरो धान्याचं कोठार. कधी कधी दोन्ही निघतात, स्पॅनिशमध्ये बासुरेरो म्हणजे कचरा नेणारा माणूस पण आणि कचऱ्याचा डबा किंवा ढीग पण, तिथे वाक्य बघूनच ठरवायचं. आणि सोंब्रेरो? सोंब्रा म्हणजे सावली. सावली देणारी ती टोपी. मला हा शब्द फार आवडतो, एवढ्या मोठ्या काठाची टोपी आणि नावात फक्त सावली.

पुढे फळ असेल तर झाड. आणि इथे गोव्याशी, वसईशी संबंध असलेल्या कोणालाही गंमत वाटेल. पोर्तुगीजमध्ये बरीच झाडं स्त्रीलिंगी 'एइरा' लावून होतात. मांगा म्हणजे आंबा, मांगेइरा आंब्याचं झाड. जाका फणस, जाकेइरा फणसाचं झाड. काजू मात्र पुल्लिंगी, काजुएइरु. आणि पेरा म्हणजे नाशपाती, पेरेइरा म्हणजे नाशपातीचं झाड, आपले परेरा! ओलिव्हेइरा ऑलिव्हचं झाड, पिन्येइरु म्हणजे पाइनचं झाड, तेही आडनाव. फेरेइरा म्हणजे जिथे लोखंड निघतं किंवा घडवतात ती जागा, आणि स्पॅनिश एर्रेरा पण तीच. मोंतेइरु म्हणजे डोंगरात, रानात शिकार करणारा. आता एखाद्या परेरांच्या पूर्वजांची नाशपातीची बाग होती असं मात्र समजू नका, बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रींची किंवा पोर्तुगीज धर्मपित्याची आडनावं मिळाली, झाड पोर्तुगालातलंच राहिलं. फ्रेंचमध्ये झाडं पुल्लिंगी, पोम सफरचंद आणि पोमिये त्याचं झाड, मांग्ये आंब्याचं. स्पॅनिशमध्ये मात्र जपून, लिमोनेरो म्हणजे लिंबाचं झाड बरोबर, पण संत्र्याचं झाड नारान्हो आणि नाशपातीचं पेराल, तिथे वेगळे नियम चालतात, ती झाडं सुटी सुटी शिकावी लागतात.

चौथी गोष्ट माझ्या अनुभवाने सगळ्यात जास्त चुका वाचवते. ही शेपटी नामाला लागते, क्रियापदाला नाही. क्रियापदावरून 'करणारा' बनवायचा असेल तर लॅटिनमध्ये दुसराच प्रत्यय होता 'तोर', त्याचं स्पॅनिशमध्ये 'दोर' झालं. मासळी बाजारात उभं राहून हे शिकावं. पेस्कार म्हणजे मासे पकडणे, म्हणून पेस्कादोर म्हणजे होडीतून जाळं टाकणारा. पेस्कादो म्हणजे पकडलेला मासा, म्हणून पेस्कादेरो म्हणजे तो मासा विकायला बसणारा. एकाचे हात जाळ्याला, दुसऱ्याचे तराजूला, आणि फरक फक्त शेपटीचा. फ्रेंचमध्ये पण पेशर पकडणारा आणि प्वासोन्ये विकणारा. शब्द आठवत नसेल तर आधी स्वतःला विचारा, माझ्याकडे वस्तू आहे की क्रिया आहे. वस्तू असेल तर एरो, क्रिया असेल तर दोर.

आता जोडशब्दांचं. एकच लॅटिन शब्द या भाषांत दोनदा आला, एकदा लोकांच्या तोंडून झिजत झिजत आणि एकदा पंडितांनी पुस्तकातून उचलून. लॅटिन प्रिमारिउस घ्या. स्पॅनिशमध्ये झिजलेला प्रिमेरो म्हणजे पहिला, आणि पुस्तकी प्रिमारियो म्हणजे प्राथमिक. फ्रेंचमध्ये प्रमिये आणि प्रिमेर. पोर्तुगीजमध्ये प्रिमेइरु आणि प्रिमारियु. तसंच ओब्रेरो म्हणजे कामगार आणि ओपेरारियो, दोन्ही एकाच ओपेरारिउसचे. आपण मराठीत तद्भव आणि तत्सम म्हणतो ना, हात आणि हस्त, अगदी तेच. त्यामुळे खूणगाठ बांधा, बाजारातला, घरातला शब्द असेल तर एरो, ऑफिसातला, कोर्टातला, लायब्ररीतला असेल तर आरियो : सेक्रेतारियो, नोतारियो, बिब्लियोतेकारियो. प्रीमियर लीगमधलं प्रीमियर हे तेच फ्रेंच प्रमिये बरं का. आणि आपण रोज म्हणतो ते करिअर मूळचं 'कार्रारिआ', गाडीवाट. डायरी, सॅलरी, अ‍ॅक्वेरियम, नोटरी, सगळे याच कुळातले.

फ्रेंच शिकणाऱ्यांनी इथे सावध राहायचं, कारण तिथे पुस्तकी रूप 'एर' आहे आणि त्यात दोन वेगळे लॅटिन प्रत्यय मिसळलेत, आपला आरिउस आणि दुसरा 'आरिस'. मिलितेर, पोप्युलेर, स्कोलेर हे आरिसवाले आहेत. खात्री करायची असेल तर स्पॅनिशकडे बघा, तिथे ते मिलितार, पोपुलार, एस्कोलार होतात, शेवटी ओ नाही. ओ असेल तर आरिउस, नुसता आर असेल तर आरिस. एका भाषेतला गोंधळ बहिणीकडे जाऊन सुटतो, म्हणून मी दोन शब्दकोश शेजारी शेजारी उघडे ठेवते.

फसवे शब्द पण आहेत, ते लिहून ठेवा. स्पॅनिश एन्तेरो आणि पोर्तुगीज इन्तेइरु म्हणजे सबंध, पूर्ण, दिसायला अगदी आपल्यातले पण ते आले इन्तेग्रुमवरून. सिन्सेरोचा काही संबंध नाही. सेरो म्हणजे शून्य तर अरबीतून आलाय. मादेइरा म्हणजे लाकूड, ते मातेरिआचं, आणि कादेइरा म्हणजे खुर्ची, ती ग्रीक-लॅटिन काथेद्राची. परीक्षा साधी आहे, शेपटी कापल्यावर पुढे अर्थ असलेला शब्द उरतो का बघायचं. सापातेरो कापलं की सापात उरतं, बूट. सिन्सेरो कापलं की सिन्स उरतं, ज्याला अर्थ नाही. ही परीक्षा शंभर टक्के नाही, कारण एनेरो कापलं तरी हातात काही येत नाही, इतकं ते झिजलंय, पण रोजच्या वाचनाला पुरते.

नवे शब्द बनवायला ही शेपटी अजून जिवंत आहे, मेलेल्या लॅटिनचं अवशेष वगैरे समजू नका. स्पॅनिशमध्ये फुटबॉलवेडा माणूस फुतबोलेरो, ब्लॉग लिहिणारा ब्लोगेरो, ट्रक चालवणारा कामियोनेरो. ब्राझीलमध्ये चुगल्या करणारा फोफोकेइरु, ट्रकवाला कामिन्योनेइरु, आणि खुद्द ब्राझीलच्या माणसाला म्हणायचा शब्द ब्राझिलेइरु, जो मुळात तिथल्या लाल रंगाच्या ब्राझील लाकडाचा धंदा करणाऱ्यांना लावायचे, म्हणजे एका अख्ख्या देशाच्या लोकांचं नाव धंद्याच्या शेपटीने झालंय. दुकानाला 'इया' जोडायचं, पानादेरोची पानादेरिया, लिब्रेरोची लिब्रेरिया. पण लिब्रेरिया म्हणजे पुस्तकांचं दुकान, लायब्ररी नव्हे, लायब्ररीला बिब्लियोतेका. बाई असेल तर एरो-चं एरा, सरळ काम. भांड्यांच्या बाबतीत मात्र सालेरो पुल्लिंगी आणि तेतेरा, म्हणजे चहाची किटली, स्त्रीलिंगी असं का याला नियम नाही, म्हणून भांड्याचं नाव पुल्लिंगी 'एल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' लावूनच पाठ करा.

सराव कसा करायचा तर रोज एक शब्द घ्या आणि त्याला सगळ्या भाषांतून फिरवून आणा. मी सुरुवात पैशापासून केली. लॅटिन देनारिउस, दहाशी संबंध असलेलं नाणं, कारण ते दहा 'आस'चं, म्हणजे दहा छोट्या रोमन नाण्यांचं होतं. स्पॅनिश दिनेरो, पोर्तुगीज दिन्येइरु, इटालियन देनारो, फ्रेंच दनिये. अरबीत दिनार. आणि तोच शब्द व्यापाराच्या वाटेने आपल्याकडे येऊन गुप्त काळातल्या संस्कृत शिलालेखांत सोन्याच्या नाण्याला 'दीनार' म्हणून कोरलेला आहे. दुसऱ्या दिवशी घोडा घ्या, काबाल्लुस. स्पॅनिश काबायेरो म्हणजे सभ्य गृहस्थ, फ्रेंच शव्हालिये म्हणजे सरदार, काव्हालिये म्हणजे स्वार, इटालियन काव्हालियेरे. घोड्यावर बसणारा माणूस कुठे कुठे जाऊन काय काय झाला बघा.

आणि तिसऱ्या दिवशी पाव घ्या. लॅटिन पानिस, पाव ठेवायची टोपली पानारिउम. फ्रेंचमध्ये तिचं झालं पानिये, ते इंग्रजीत गेलं आणि पॅनिअर झालं, आज लडाखला जाणारे बाइकवाले मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर बॅगा लावतात ना, त्या. पोर्तुगीजमध्ये पानिसमधला न नेहमीप्रमाणे विरघळला, म्हणून पानादेरोतला न पादेइरुमध्ये नाही, आणि आपल्या पोदेरमध्येही नाही. पों पों ऐकू आलं आणि खिडकीतून खाली बघितलं तर सायकलवर निळ्या प्लॅस्टिकखाली दोघं एकत्र दिसतात, पुढे पोदेर, मागे त्याची पानारिउम.